जाड निकेल सोलून येतं, पातळ टिकतं. हे उलटं कसं?

भोसरीवाला (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी इथे वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे. पाककृती आणि भांडणं दोन्ही आवडीने वाचतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

भोसरीत माझं छोटं प्लेटिंगचं, म्हणजे विजेने धातूचा थर चढवायचं, युनिट आहे. तीन टाक्या, चार माणसं आणि वडिलांच्या वेळचा रेक्टिफायर. मुख्य काम निकेलचं, आणि आजवरचे बहुतेक जॉब ५-६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गेल्या महिन्यात एका पार्टीने स्टीलच्या ब्रॅकेटवर २० मायक्रॉन मागितले. पहिल्याच लॉटला कोपऱ्यांवरून पापुद्रे सुटले. एक नखाने उचलला, तर विडीच्या पानासारखा आपोआप गुंडाळत वर आला. दिसायला इतका सुंदर की क्षणभर राग विसरलो.

गंमत अशी की त्याच टाकीतून, त्याच दिवशी काढलेले ६ मायक्रॉनचे जॉब व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवले तरी ढिम्म. केमिकलवाला म्हणतो ब्राइटनर (चकाकी आणायचं रसायन) वाढवा. पार्टीचा क्वालिटीवाला म्हणतो तुमचं क्लीनिंग कच्चं. वडील म्हणतात टाकीला नजर लागली.

माझा प्रश्न साधा आहे. थर जाड म्हणजे मजबूत, असं नको का? मग जाड थर आधी का सोलतो?

निवांत
रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवतो. विषयातलं शष्प कळत नाही, पण विडीच्या पानावर थांबलो.

खडूस आजोबा
रात्री १०.१५

चाळीस वर्षं टाकीत हात घातलेत, म्हणून बोलतो. पीलिंग म्हटलं की आधी क्लीनिंग बघायचं, बाकी अंतर्गत ताण वगैरे शास्त्र नंतर. जॉब पाण्यातून काढल्यावर पाण्याचा पडदा अखंड राहतो का? थेंब सुटे झाले की तेल राहिलंय समजा. ॲसिड डिप कधी बदललंत? आणि त्या पापुद्र्याची पाठ बघा. खाली काळपट स्टील दिसतंय की खालीही निकेलच आहे? दोन्ही रोग वेगळे, औषधंही वेगळी. फोटो टाका, तोवर ब्राइटनरच्या कॅनला हात लावू नका.

कोथरूडकर
रात्री १०.३१

आम्ही कर्वे रोडवर रोज संध्याकाळी दोन तास अंतर्गत ताण घेतो, पण सोललं कोणी नाही अजून.

सूक्ष्मदर्शी
रात्री ११.०५

माझं कामच थिन फिल्मचं, म्हणजे अतिपातळ थरांचं, आहे (पुण्यातल्याच एका लॅबमध्ये, निर्वात पेटीत). आजोबांचं खोटं नाही, पण मूळ प्रश्नाचं उत्तर क्लीनिंगमध्ये नाही. एकाच टाकीतून, एकाच दिवशी निघालेला पातळ थर टिकतो, तर क्लीनिंग दोघांचं सारखंच होतं ना?

बाहेरून काहीही ओढलेलं-दाबलेलं नसताना थराच्या पोटात ताण असतो. निकेल बसताना आधी सुटी सुटी बेटं तयार होतात. ती वाढत एकमेकांना भिडतात. भिडताना मधली फट मिटवण्यासाठी ती जराशी ओढली जातात आणि तशीच गोठतात. परिणामी अख्ख्या थराला आखडायचं असतं, पण खालचं स्टील त्याला आखडू देत नाही. तुमचा थर म्हणजे कायम ताणून चिकटवलेलं रबर आहे.

आता जाडीचं. चिकटण्याची ताकद ही फक्त खालच्या पृष्ठभागाची गोष्ट आहे. एका चौरस मिलिमीटरला जितकी असेल तितकीच, वर सहा मायक्रॉन असोत की वीस. पण ताणाच्या रूपात साठलेली ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पकड तेवढीच आणि ओढणारं सव्वातीन पट. एका जाडीला साठलेली ऊर्जा पकडीपेक्षा जास्त होते आणि कडेपासून सोलायला सुरुवात होते. कडा आणि कोपरेच का? तिथेच थराला एक मोकळी बाजू मिळते. शिवाय कोपऱ्यावर करंट जास्त जातो, म्हणून तिथला थर मुळात जाड असतो. तुमचे २० तिथे ३० सुद्धा असतील.

ताण दुप्पट झाला, तर मात्र ऊर्जा चौपट होते. म्हणून जाडी कमी करण्यापेक्षा ताण कमी करणं फायद्याचं.

मृण्मयी
बुधवार, सकाळी ६.५०

हे तर सारवण! आजी ओरडायची, 'पातळ हात दे गं, थापू नकोस.' शेणमातीचा जाड लगदा एकदम लावला की दुसऱ्या दिवशी पोपडे. तोच लगदा तीन पातळ हातांत, मधे वाळू देत दिला की जमीन गुळगुळीत. मला वाटायचं आजीला शेण वाचवायचंय.

मी दरवर्षी घरी शाडूचा गणपती करते. तिथेही हेच. उन्हात ठेवला की वरची कातडी आधी वाळून आखडते, आत माती ओलीच. आतली माती बाहेरचीला आखडू देत नाही, मग मानेला आणि सोंडेच्या मुळाशी भेगा. म्हणून सावलीत, वर ओलं फडकं, आणि घाई करायची नाही. मातीत थोडा पिंजलेला कापूसही घालते, भेग पडली तरी धागे धरून ठेवतात.

निवांत
सकाळी ७.०४

मृण्मयीताईंमुळे पहिल्यांदा काहीतरी कळलं. आता लेंगा सावरून पुढच्या बाकावर बसतो.

अर्धा इंजिनिअर
सकाळी ९.२०

सूक्ष्मदर्शी, बेटंबिटं ठीक आहे, पण साधं कारण सोडून कुठे चाललात? टाकी ५५ अंशाला, बाहेर २५. थंड झाल्यावर निकेल आखडणार, सुटणार. काचेच्या ग्लासात गरम चहा ओतला की तडकतो तसंच.

सूक्ष्मदर्शी
सकाळी ९.४८

करून बघा की हिशोब. निकेल एका अंशाला दशलक्षात साधारण १३ भागांनी आखडतं, स्टील १२. फरक जेमतेम एकाचा. ३० अंशांनी थंड झाल्यावर त्यातून येणारा ताण दहा मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आत राहतो. साध्या वॉट्स बाथमधल्या (निकेल प्लेटिंगचं नेहमीचं द्रावण) निकेलमध्ये मुळातच दीडशेच्या आसपास असतो. तुमचं कारण काचेवर ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉनवर तांबं असेल तर जोरात लागू पडतं, इथे नाही.

अर्धा इंजिनिअर
सकाळी १०.०२

बरं. आयडीतलं 'अर्धा' उगाच नाही.

चाकणचा स्प्रिंगवाला
दुपारी १.३५

(जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.) आमच्याकडे याच्या उलट चालतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आम्ही मुद्दाम ताण भरतो, फक्त दाबाचा. बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करायचा, शॉट पीनिंग म्हणतात. प्रत्येक छर्‍याने कातडी ठोकून पसरायला बघते, आतलं पोलाद पसरू देत नाही, म्हणून कातडी कायम दाबात राहते. चीर उघडायला ओढ लागते. कातडीच दाबात असेल तर गाडी खड्ड्यात आदळून येणारी ओढ आधी तो दाब फेडण्यात खर्ची पडते. पाट्याचं आयुष्य कितीतरी वाढतं. पुण्याच्या रस्त्यांना हे शास्त्र अर्पण.

आणि तो दाब मोजायची पद्धत इतकी गावठी आहे की मला फार आवडते. आल्मेन पट्टी. स्प्रिंग स्टीलची छोटी पट्टी ठोकळ्यावर चार स्क्रूंनी आवळायची, एकाच बाजूने छर्रे मारायचे, सोडायची. पट्टीला पोक येतं. पोक किती, ते गेजवर वाचायचं. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेनने काढलेली युक्ती, ऐंशीएक वर्षं झाली, अजून तीच चालते. भोसरीवाले दादा, तुम्हीही एक पातळ पट्टी एका बाजूने प्लेट करून बघा ना.

सूक्ष्मदर्शी
दुपारी २.१०

स्प्रिंगवाले, तुम्ही माझ्या तोंडचा घास घेतलात! नेमकं हेच निकेलसाठी १९०९ साली झालंय. जेराल्ड स्टोनी नावाचा टर्बाइनवाला इंजिनिअर होता. त्याला दिसलं की काचेवर चांदी, आणि चांदीवर निकेल चढवलं की दोन्ही मिळून सुबक गुंडाळ्या होऊन सुटतात. बघा, तुमचं विडीचं पान. त्याने पातळ पोलादी पट्ट्यांवर एका बाजूने निकेल चढवलं आणि पट्टी किती वाकते त्यावरून थरातला ताण काढला. आज चिपच्या कारखान्यात सिलिकॉनच्या तबकडीवर लेसर टाकून वाक मोजतात, सूत्र अजून स्टोनीचंच. त्या सूत्राची खुबी म्हणजे थराचा स्वतःचा कडकपणा माहीत असायची गरजच नाही. खालच्या पट्टीची जाडी, तिचा कडकपणा, थराची जाडी आणि वाक, एवढ्यावर भागतं.

पट्टी प्लेट केलेल्या बाजूला खोलगट झाली तर थर ओढीत आहे, फुगीर झाली तर दाबात.

पेठकरी
दुपारी ४.४५

कसब्यातला माणूस आहे, तांबट आळी लहानपणापासून कानात आहे. त्या ठोक्यांना मठारणं म्हणतात. लोकांना वाटतं बंबावरचे ते गोल ठसे नक्षी आहे. नक्षी नंतर, आधी कडकपणा. ठोकलं की मऊ तांबं ताठ होतं, मोठं भांडं पाण्याने भरून उचललं तरी त्याला पोचा पडत नाही. मात्र घडवताना एका मर्यादेपलीकडे ठोकलं की चीर जाते, म्हणून मधेमधे भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात. आणि शेवटचं मठारल्यावर मात्र भट्टी नाही, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

स्प्रिंगवाल्यांचे छर्रे आणि आमचा हातोडा, चुलतभाऊच दिसतात.

रिटायर्ड_फोरमन
संध्याकाळी ६.२०

तांब्यावरून पितळ आठवलं. आम्ही अप्रेंटिस असताना पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात पडल्या पडल्या चिरायची. कोणी हात लावलेला नाही, गोळी झाडलेली नाही. पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. साठा पुष्कळदा तबेल्यांजवळ. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि काडतुसाचं तोंड आवळताना पितळेत राहिलेला ताण, तिघांनी मिळून काम तमाम. नीट उलगडा झाला तो १९२१ च्या सुमाराला. उपाय अगदी साधा निघाला: घडवून झाल्यावर मंद आचेवर भाजून ताण उतरवायचा, कडकपणा मात्र जाऊ द्यायचा नाही.

तिघांतला एक जरी नसता तरी काडतूस शाबूत राहिलं असतं. घोड्याला तर सांगता येत नाही.

वात्रट
संध्याकाळी ६.३३

म्हणजे इंग्रज गेले त्यात घोड्यांचाही वाटा आहे. स्वातंत्र्यसैनिक पेन्शन द्या.

शाळामास्तरीण
रात्री ८.१५

हा ताण डोळ्यांनी बघता येतो, हे कोणी सांगितलं नाही अजून! आत्ताच लेकीबरोबर केलं. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं. पोलराइज्ड गॉगल घालून मान तिरकी करत न्यायची, एका कोनात पडदा काळा होतो. आता मधे कंपासपेटीतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरायची. काळ्यावर इंद्रधनुष्याचे पट्टे! जिथून साच्यात प्लॅस्टिक ओतलं त्या टोकाला रंग दाट, भोकाभोवती वेटोळी. पट्टी जराशी वाकवली की रंग सरकतात. लेक म्हणाली, 'आई, हिला दुखतंय.'

हा गुण काचेत ब्रूस्टरने दोनशे वर्षांपूर्वी पाहिला. गाडीच्या मागच्या काचेत गॉगलमधून जे ठिपके दिसतात, तेही तेच. काच टफन करताना जिथे थंड हवेचे झोत लागले त्यांची नक्षी.

खडूस आजोबा
रात्री ८.४०

छान चाललंय. घोडे झाले, गणपती झाले, कंपासपेटी झाली. पापुद्र्याचा फोटो कुठाय?

भोसरीवाला
गुरुवार, सकाळी ११.२०

आज गुरुवार, भोसरीला सुट्टी, म्हणून निवांत लिहितो. आधी सगळ्यांना दंडवत.

आजोबा, पापुद्रे भिंगाखाली बघितले आणि घाम फुटला. दोन जातींचे आहेत. काहींच्या खाली स्टील दिसतं. काहींच्या खाली मात्र चकचकीत निकेल! निकेलवरून निकेल सुटलंय. पोरांना विचारलं तर कबूल झाले: त्या दिवशी लाइट गेली होती, जनरेटर सुरू होईपर्यंत दहा मिनिटं जॉब टाकीत तसेच लटकत होते, नंतर पुन्हा करंट चालू केला. मला कोणी सांगितलं नाही.

खडूस आजोबा
सकाळी ११.३४

तेच तर. करंट तुटला की निकेलवर अदृश्य कातडी धरते, तिच्यावर नवीन निकेल बसतं पण चिकटत नाही. करंट गेला की जॉब बाहेर, धुवा, ॲसिडमध्ये जागवा, मग परत आत. त्या पोरांना माझ्याकडे पाठवा.

अर्धा इंजिनिअर
सकाळी ११.५०

पुन्हा तोंड उघडतो. पापुद्रा सुटल्यावर गुंडाळतो, यावरून थर ओढीत आहे हे सिद्ध होतं ना? मग पट्टी कशाला वाकवायची?

सूक्ष्मदर्शी
दुपारी १२.१५

नाही, इथे भलेभले फसतात. सगळ्या जाडीत ताण सारखा असेल, तर सुटलेला पापुद्रा नुसता किंचित आखडेल आणि सपाट राहील. गुंडाळतो याचा अर्थ वरच्या आणि खालच्या भागातला ताण वेगळा आहे. पापड आठवा. उन्हात घातला की वरची बाजू आधी वाळून जास्त आखडते, म्हणून कडा वर येतात. तुमचा पापुद्रा स्टीलपासून दूर, वरच्या अंगाला वळतोय, म्हणजे वरच्या भागात ओढ जास्त. जाडी वाढत जाताना टाकीत काहीतरी बिघडत जातंय असा मला वास येतोय. पण एकूण ताण किती ते पट्टीच सांगेल.

उलट दाब जास्त झाला तरी सुटका नाही. थर मग फुगतो, फोड येतात. हिऱ्यासारख्या कडक कार्बनच्या थरात हे फोड जुन्या टेलिफोनच्या गुंडाळलेल्या वायरीसारखे नागमोडी पळतात. मायक्रोस्कोपखाली पळताना बघितलेत मी, दिवसभराचं काम वाया गेल्याचं दुःख दोन मिनिटं विसरायला होतं. बोहरी आळीत मिळणारे ते सोनेरी ड्रिल बिट बघा, त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचे दोन-चारच मायक्रॉन असतात. जास्त का देत नाहीत? कंजूषपणा नाही, दाब पेलत नाही.

मोबाइलवाला
दुपारी १२.४०

आणि तुम्ही हा धागा ज्यावर वाचताय त्या चिपमध्ये मुद्दाम ताण भरलेला असतो. इंटेलने २००३ मध्ये ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये आणलं: एका जातीच्या ट्रान्झिस्टरला सिलिकॉन-जर्मेनियमने दोन्ही बाजूंनी चेपायचं, दुसऱ्याला वरून नायट्राइडच्या थराने ओढायचं. सिलिकॉनची जाळी जराशी विस्कटली की विद्युतभार सुळकन पळतात. एक वाईट बाजूही सांगतो. कथिलाच्या थरात दाब राहिला की त्यातून केसासारखे कथिलाचे तंतू आपोआप उगवतात आणि शॉर्ट करतात. डाखात शिसं मिसळलं की हा त्रास बराच कमी व्हायचा. २००६ पासून युरोपने शिसं बंद केलं आणि ही डोकेदुखी परत आली.

भोसरीवाला
रविवार, रात्री ९.१०

हजेरी लावतो. बोहरी आळीतून ०.२ मिलिमीटरची शिम (पातळ पोलादी पत्रा) आणली. १०० मिलिमीटर लांब पट्ट्या कापल्या, मागून टेप लावला, एका बाजूने १० मायक्रॉन निकेल चढवलं. टेप काढून सरफेस प्लेटवर ठेवली आणि मधे फीलर गेज सरकवली. २.२ मिलिमीटर! डोळ्यांनी दिसणारं धनुष्य, प्लेट केलेल्या बाजूला खोलगट. वडिलांनी ती पट्टी दहा वेळा उलटसुलट करून बघितली.

सूक्ष्मदर्शी
रात्री ९.३०

सूत्रात घातलं. सुमारे ३३५ मेगापास्कल. नेहमीच्या दुपटीहून जास्त. टाकीचा पीएच किती? ब्राइटनर शेवटचा कधी आणि किती?

खडूस आजोबा
रात्री ९.४१

ब्राइटनर दोन प्रकारचे. एक चकाकी आणतो पण निकेलला ताठवतो. दुसरा, म्हणजे सॅकरीन, ओढ उतरवतो. पोरं चकाकी कमी दिसली की पहिल्याचाच मग ओततात. कार्बन ट्रीटमेंट करा, कुजलेली सेंद्रिय घाण निघून जाईल. खऱ्या जॉबऐवजी पन्हाळी पत्रा लावून कमी करंटवर रात्रभर डमी चालवा. पीएच चारवर आणा. मग सॅकरीन, बेताने. जास्त झालं तर उलटा दाब येतो, शिवाय थरात गंधक जाऊन तो ठिसूळ होतो.

वात्रट
रात्री ९.४४

निकेललाही शुगर फ्री? पुण्यात आता साखर फक्त श्रीखंडात उरली.

मृण्मयी
रात्री ९.५८

ताण उतरवायला गोड, हे मात्र मला पटलं.

भोसरीवाला
पुढचा शनिवार, रात्री १०.२५

पीएच ४.८ होता. मीटरच कॅलिब्रेट नव्हता, ही माझी चूक. ब्राइटनरच्या वहीत तीन महिन्यांत पंधरा नोंदी, सगळ्या एकाच कॅनच्या. कार्बन, डमी, सॅकरीन सगळं केलं. काल नवीन पट्टी काढली: अर्धा मिलिमीटर. जुनीशेजारी ठेवली तर ही सपाटच वाटते.

सूक्ष्मदर्शी
रात्री १०.४०

७५ च्या आसपास! ताण साडेचार पटीने उतरला, म्हणजे साठलेली ऊर्जा जवळजवळ वीस पट कमी. आता २० मायक्रॉन आरामात बसायला हवेत.

भोसरीवाला
रात्री १०.५२

बसले. आजचा लॉट वाकवून, कानस मारून, तापवून पाण्यात बुडवून, सगळं करून बघितला. एक पापुद्रा नाही. संध्याकाळी पार्टीला फोन केला, तर क्वालिटीवाला म्हणतो, 'वा, मग पुढच्या लॉटला चाळीस करून द्या.'

खडूस आजोबा
रात्री १०.५५

द्या. पण आधी पट्टी टाका टाकीत. आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का, तेवढं बघा.